कुंकवाखालचं तेल

२१ सप्टेंबर १९९७, रविवार. कोरेगाव

अण्णा हो म्हणाले! म्हणजे तोंडानं नाही. आधी मिशीवरून हात, मग चहाचा घोट, मग "बघू". पण अण्णांचं बघू म्हणजे दुसऱ्याचं हो, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

झालं असं, की इस्लामपूरचे भाऊसो आले होते. रस्त्यांची कामं घेतात. त्यांच्याकडं लष्कराच्या लिलावातले सहा जुने ट्रक आहेत, चारी चाकं ओढणारे, पाठीवर डांबराची टाकी. डांबर फवारताना ट्रक माणसाच्या चालीनं चालवावा लागतो. जरा पुढंमागं झालं की कुठं डांबराचं तळं, कुठं खडी कोरडी. आणि त्या चालीला केबलवरचा वेगाचा मीटर काही दाखवतच नाही. काटा एकतर झोपलेला, नाहीतर हिवताप आल्यासारखा थरथरतोय.

मी मध्येच बोलले. गिऱ्हाइकासमोर मध्ये तोंड घालायचं नाही हा अण्णांच्या गॅरेजचा नियम, पण राहवलंच नाही. म्हटलं, केबल काढून टाका, तिथं इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवते. डबीवर लाल आकडे दिसतील, बैलगाडीच्या वेगालासुद्धा. भाऊसो माझ्याकडं न बघता अण्णांना म्हणाले, पोरगी काय शिकलीया? अण्णा म्हणाले, सांगलीला डिप्लोमा, इलेक्ट्रॉनिक्स, फस्ट क्लास. असं सांगताना मान कशी ताठ झाली होती! परेडवर व्हायची तशी.

एक ट्रक ठेवून गेलेत. जमलं तर सहाच्या सहा आमच्याकडं.

२२ सप्टेंबर

सांगलीचं स्थळ परत डोकं वर काढतंय. आत्याचा निरोप. मुलगा शिवतेज, बँकेत, विश्रामबागेत बंगला. मी ताटावरून उठले. मला एवढंच पाहिजे आहे — या गॅरेजात माझं एक टेबल आणि माझं स्वतःचं काम. बंगला नकोय.

अण्णा मागोमाग ओट्यावर आले. मग म्हणाले, "सेन्सर चालला तर पाटीवर तुझं बी नाव. आन तू म्हणशील तवर लग्नाचा इषय बंद. जबान दिली." 

वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. जबान म्हणजे जबान.

आता पितृपंधरवडा चालू आहे, म्हणून घट बसल्याशिवाय ट्रकला भोक पाडायचं नाही असा हुकूम. चालेल. तोवर डबी पुरी करते.

२६ सप्टेंबर

घरात माझं बोलणं मनापासून ऐकणारं एकच माणूस आहे, आई. जोतीरामकाका (अण्णांच्या पलटणीतले जोडीदार, आता आमचे फिटर) ऐकतात, पण मानेनं "न्हाई" म्हणत ऐकतात. त्यांच्या मते गिअर ऑइल आणि वायर यांची सोयरीक होणं नाही.

आई भाकरी थापत होती. विचारलं, त्यी पेटी असती कशाला गं? मग मी समजावलं. गिअरबॉक्सच्या मागं दुसरी पेटी, ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद ती पुढच्या चाकांना आणि मागच्या चाकांना वाटून देते. आई म्हणाली, "म्हंजी सासू." मी म्हटलं, काय? "ह्या सुनंला किती, त्या सुनंला किती, वाटून देनारी." हसून हसून माझा चहा सांडला.

मग पुढचं सांगितलं. त्या पेटीतून मागं जो दांडा निघतो तो चाकांबरोबर फिरतो. त्यावर दातेरी चकती बसवायची आणि कव्हरला भोक पाडून बाहेरून सेन्सर आत फिरवायचा, स्क्रूसारखा. समोरून दाता गेला की सेन्सर मोजणार. आई म्हणाली, मधी जागा किती? मी म्हटलं, पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. त्याहून जास्त झाली की सेन्सर आंधळा, काही दिसत नाही त्याला.

"येवढ्याशा जागंत सगळा खेळ," आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

डबी गॅरेजातच राहिली होती. आईनं पंचांगाच्या खिळ्यावरची दुसरी किल्ली काढून दिली. अण्णांची किल्ली त्यांच्या कडदोऱ्याला, ते झोपलेले, उठवायचं कोण!

३ ऑक्टोबर

काल घट बसले. आज भोक पाडलं.

अण्णांनी कव्हर वाइसमध्ये धरलं. जुन्या फौजी ट्रकचं कव्हर, दुसरं मिळायचं नाही. मला वाटलं अण्णा स्वतः ड्रिल घेतील. त्यांनी मशीन माझ्या हातात दिलं. म्हणाले, चुकलीस तर भंगारात जायचं आपण दोघं. जोतीरामकाका तोंड फिरवून उभे, जसं काही बोकड कापतोय.

चुकले नाही. आटे स्वच्छ पडले. अण्णांनी बोट फिरवून बघितलं आणि फक्त "हं" म्हणाले. त्या "हं"वर मी दोन दिवस काढीन.

८ ऑक्टोबर

चालला! चालला! चालला!

ट्रक मागून जॅकवर, जोतीरामकाका स्टिअरिंगवर, लो गिअरमध्ये. डबीवर ३, मग ४, मग परत ३. अजिबात थरथर नाही. मग खाली उतरवून रहिमतपूरच्या रस्त्यावर नेला. मी बाजूनं चालत होते आणि डबी माझी चाल दाखवत होती! जोतीरामकाका म्हणाले, "संयुताई, सोयरीक जमली म्हनायची." 

संध्याकाळी आईला ओढत नेलं. आजवर आई कधी खड्ड्यात उतरलेली नाही. ट्रकखालचा तो खड्डा तिच्या लेखी पुरुषांचा. आज पदर खोचून पायऱ्या उतरली. बॅटरी धरून मी सगळं दाखवलं — हा सेन्सर, ही त्याची वायर, हा लॉकनट, म्हणजे सेन्सर हलू नये म्हणून मागून आवळायची नट. आईनं विचारलं, ही कशानं आवळत्यात? मी म्हटलं, बावीसचा पाना. नट सैल केली की सेन्सर हातानंही फिरतो. तिनं हात लावून बघितला.

किती बरं वाटलं काय सांगू. लेकीचं काम बघायला आई खड्ड्यात उतरली.

भाऊसोंना निरोप गेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येतात.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळपासून हत्यारं धुतली. प्रत्येक पाना, प्रत्येक हातोडी रॉकेलमध्ये बुडवून, ब्रशनं घासून, सुती फडक्यानं कोरडी. हे काम माझं. अण्णांना एका पान्यालाही ओशटपणा चालत नाही. फळीवर ओळीनं मांडली, वर अण्णांची फौजी टोपी. आईनं एकेकाला हळदीकुंकू लावलं. ट्रकलाही. डबीलाही!

आता दसरा उलटेपर्यंत हत्याराला कुणीही हात लावायचा नाही. अण्णा इथं कुणाचं काही चालू देत नाहीत. एका वर्षी एसटी बंद पडली होती दारात, तरी पाना उचलला नव्हता त्यांनी. ड्रायव्हरला जेवायला घातलं आणि बसवून ठेवलं.

११ ऑक्टोबर, दसरा

सोनं लुटून आलो. आईचे पाय दुखत होते, ती घरीच राहिली. जोतीरामकाका सकाळीच गावाला गेले. अण्णा सीमोल्लंघनातून मध्येच पुढं निघून आले, कुलूप बघतो म्हणाले.

उद्या!

१२ ऑक्टोबर, रविवार

शून्य.

भाऊसो आले, चहा झाला, ट्रक रस्त्यावर घेतला. मी डबी हातात धरून बसलेले. ट्रक चालतोय, झाडं मागं जातायत आणि डबीवर ०. तिसऱ्या गिअरमध्येही ०. मी म्हटलं, अर्धा तास द्या, वायर बघते. भाऊसो गोड बोलले. त्या गोड बोलण्याचाच राग येतो! म्हणाले, पोरीला शिकवलंत, ब्येस केलंत, पन आमाला सीझन थांबत न्हाई, सांगलीच्या एका पार्टीशी बोलतो. मी अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, संयू."

राहू दे! ज्यांनी थांबवून घ्यायचं ते म्हणतात राहू दे.

जीप गेल्यावर मी खड्ड्यात उतरले. वायर ठीक. सेन्सर ठीक. पण सेन्सर बाहेर आलेला, चांगले दोन आटे. आणि लॉकनट घट्ट! हादऱ्यानं सैल झाला असता तर नटही सैल असती. नट सैल करून, सेन्सर मागं घेऊन, परत नट आवळलेली. हे माणसाच्या हाताचं काम आहे.

बावीसचा पाना घ्यायला फळीकडं गेले. पूजेनंतर उचललेलं हे पहिलं हत्यार. हाताला ओशट लागलं. नाकाशी धरला. गिअर ऑइल! तसा कुजका वास दुसऱ्या कशालाच येत नाही. बाकी सगळे पाने कोरडे ठणठणीत. यावर तेल, आणि तेलावर कुंकू. कुंकू तेलात भिजून काळपट झालेलं.

सेन्सर मागं घेतला की आट्यातून तेल झिरपतं. पाना धुतल्यापासून पूजेपर्यंत मी फळीसमोरच होते, म्हणजे पूजा झाल्यावर कुणीतरी तो वापरलाय आणि परत जागच्या जागी ठेवलाय.

सेन्सर परत बसवला. मागचं चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं. डबीवर १. रडायला आलं.

१३ ऑक्टोबर

सांगलीची माणसं येत्या रविवारी बघायला येणार! अण्णांनीच सांगितलं, जेवताना, माझ्याकडं न बघता. आत्याला होकार कळवला म्हणाले.

कळलं. सगळं कळलं. जबान दिली होती ना, सेन्सर चालला तर. मग चालूच द्यायचा नाही! जोतीरामकाका गावाला होते. किल्ली अण्णांच्या कमरेला. सीमोल्लंघनातून मध्येच परत कोण आलं होतं? अण्णा.

कुंपणानंच शेत खाल्लं.

१४ ऑक्टोबर

बोलले. पाना घेऊन समोर उभी राहिले. म्हटलं, लॉकनट घट्ट होती, पान्याला तेल होतं आणि तेलावर कुंकू होतं. खंडेनवमीचं हत्यार बाटवायला कुणाचा हात झाला असेल, तुम्हीच सांगा.

अण्णांनी पाना घेतला. अंगठ्यानं ते काळं कुंकू चोळलं. बघत राहिले. मला वाटलं ओरडतील, पाना फेकून मारतील. पण खाली बसले, टायरवर. एकदम म्हातारे दिसले. मग म्हणाले, "मीच केलं आसं समज. आन गप बस."

बस्स. एवढंच. नाकारलंही नाही!

ज्या माणसानं ड्रिल माझ्या हातात दिलं त्यानंच केसानं गळा कापला. तो "हं" सुद्धा खोटाच होता म्हणायचा.

१५ ऑक्टोबर

आईजवळ मन मोकळं केलं. ती माझ्या डोक्याला तेल लावत होती. मग म्हणाली, बापाचं एवढं मनावर घ्यू नगंस, पुरुषांचं आसंच आसतंय. तेल लावून झालं तरी डोक्यावरून हात फिरवत राहिली. माझ्यासाठी तिलाही वाईट वाटतंय.

आई नसती तर मी काय केलं असतं!

१६ ऑक्टोबर

अण्णांशी बोलणं बंद. ताट वेगळं घेते.

१८ ऑक्टोबर

भाऊसोंचा माणूस ट्रक न्यायला आला. सेन्सर आता चालतोय म्हटलं, पण ऐकेना; काढून घ्या म्हणाला, सांगलीला नवीन बसणार. काढला. भोकाला जोतीरामकाकांनी बूच मारलं. ते माझ्याशी काही तरी बोलू बघत होते. मी सरळ विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? म्हणाले, "संयुताई, अण्णा खंडेनवमीच्या पान्याला हात लावील? मला माझ्या डोळ्यानं दिसलं तरी खरं वाटायचं न्हाई." 

जोडीदाराची पाठराखण. पलटणीतलं पाणी!

संध्याकाळी आईनं माझी नखं लिंबानं घासली. नखांच्या कडेचं काळं जाईना, तर टाचा घासायची वजरी घेतली. दुखलं. म्हटलं, राहू दे, हात म्हणजे हात. तिनं सोडलं नाही. उद्या पाव्हणी हात बघतील म्हणाली.

१९ ऑक्टोबर, रविवार

आले. पाच माणसं. पोहे झाले. शिवतेज वाईट नाही. शांत. घड्याळ सारखं नीट करतो. त्याच्या आईनं माझा हात हातात घेतला आणि उलटून बघितला. आई शेजारी त्या हाताकडंच बघत बसलेली.

मी काय काम करते असं कुणी विचारलं नाही. आईनं आधीच बजावलं होतं, ग्यारेजाचं काढू नगंस.

अण्णा दारात उभे होते सगळा वेळ, पाव्हण्यासारखे.

२१ ऑक्टोबर

सांगलीचा होकार आला. अण्णांनी मला विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. म्हणाले, "तुझं मन नसंल तर मी आत्ता न्हाई म्हनून कळवतो. कुनाची भीड धरू नगंस."

ढोंग! आधी पाय कापायचे आणि मग विचारायचं, चालतेस का?

मी म्हटलं, मन आहे. पक्कं करा. या घरात मला राहायचंच नाही.

त्यांना लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते.

२५ ऑक्टोबर. सांगली

आई आणि मी घर बघायला आलोय. रात्री आत्याकडं मुक्काम. बंगला चांगला आहे. पुढं जास्वंद, मागं सिमेंटचं अंगण. कशालाच डिझेलचा वास नाही.

स्वयंपाकघरात पांढऱ्या फरशा, भिंतीलासुद्धा. उभ्यानं करायचा ओटा. सगळ्या बाहेर गेल्या तरी आई तिथंच उभी. ओट्यावरून हात फिरवत होती, पुन्हा पुन्हा, दूध प्यालेल्या वासराच्या पाठीवरून फिरवतात तसा. मला बघून दचकली. म्हणाली, पुसायला किती सोप्पं गं.

बाजारात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानापाशी माझे पाय थांबले. आई पुढं गेलेली. मग मीही गेले.

२८ ऑक्टोबर

ती डबी ट्रंकेत तळाला टाकली. अण्णा दिवाळीचं उटणं आणि वाती आणायला स्वतः गेले बाजारात. माझ्यासाठी फुलबाज्याही आणल्या, लहान असल्यासारख्या. घेतल्या नाहीत.

३० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन



दुपारी आईनं नवीन केरसुणी काढली. संध्याकाळी लक्ष्मी म्हणून तिची पूजा, म्हणून हळदीकुंकू आधीच लावून देव्हाऱ्याजवळ टेकवून ठेवली. मी लाह्याबत्ताशांची परात उचलायला गेले आणि उंबऱ्यावर सांडली. सगळीकडं लाह्या! जुनी केरसुणी गोठ्यात. आईनं घाईनं तीच नवी घेतली आणि लाह्या गोळा केल्या.

मग तिनं पदरानं केरसुणी पुसली. करंडा उघडला. पुन्हा हळद, पुन्हा कुंकू. जिथलं तिथं टेकवली आणि दोन्ही हात जोडून पुटपुटली, चुकलं माकलं पदरात घे माये.

मी परात धरून उभी.

अण्णांनी पाना वापरला असता तर फडक्यानं पुसला असता. तेल पुसणं हा त्यांचा धर्म. जोतीरामकाकांनीही पुसला असता. पूजेतलं हत्यार वापरून, वर परत कुंकू लावून, त्याची माफी कोण मागेल? दसऱ्याला पाय कुणाचे दुखत होते? दुसरी किल्ली पंचांगाच्या खिळ्यालाच होती. आणि लॉकनट, बावीसचा पाना, पोस्टकार्डाएवढी जागा हे सगळं बॅटरी धरून मीच दाखवलं होतं.

मी म्हटलं, "आई. बावीसचा पाना."

तिनं मागं वळून बघितलं नाही. समई पुसत राहिली. मग म्हणाली, "माजा जलम तेल्या कापडात ग्येला. कुनी इचारलं न्हाई मला काय पायजे. तू बी त्याच खड्ड्यात उतरणार, आन वर ह्यो बाप शाबासकी दिनार. मला न्हाई बघवलं."

मी म्हटलं, मला तर विचारायचं होतंस.

"इचारलं असतं तर तू न्हाई म्हनाली असतीस."

माझ्या केसांना तेल लावत माझं सगळं ऐकून घेतलं तिनं. अण्णांना शिव्या देऊ दिल्या. वर पुरुषांचं असंच असतं म्हणाली. मी जिच्या कुशीत जाऊन रडत होते तिनंच केलं होतं.

३१ ऑक्टोबर, पाडवा

आईनं अण्णांना ओवाळलं. अण्णांनी तबकात साडी ठेवली, पांढरी, बारीक निळ्या फुलांची. दरवर्षी काळपट घेतात, डाग दिसू नयेत म्हणून.

मी बोलायला तोंड उघडलं. अण्णांनी ओवाळणीच्या ताटावरून माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. नको.

यांना ठाऊक आहे! त्या दिवशी अंगठ्यानं कुंकू चोळलं तेव्हापासून.

परवा सांगलीची माणसं याद्या करायला येतायत.

ट्रंकेतून डबी काढली. अण्णा गॅरेज उघडायला निघाले होते. त्यांच्या मागोमाग गेले.

म्हटलं, अण्णा, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं, नाही म्हणून कळवू का. अजून कळवाल?